चिंचोक्यांचा डाव

दादाचा फोन आला तेव्हा माझ्या हातात पणदऱ्याच्या दुधाचा नमुना होता, आणि तो मी खाली ठेवला नाही. लॅबमधला फोन उजव्या कानाला, बाटली डाव्या हातात. दादा पुण्याहून बोलत होता. "बाबा पत्ते खेळतायत," तो म्हणाला. मी हसले. बाबा आणि पत्ते! दादा चिडला. "हसू नकोस. मी गेल्या रविवारी इंदापूरला डोळ्यांनी पाहिलं. तात्याबांबरोबर. आणि पत्ते न बघता खेळतायत, रश्मी. तीन पत्ते समोर पालथे पडलेत आणि हे एकेक चिंचोका पुढे सारतायत. एकदाही उचलून बघितले नाहीत. तात्याबा बघायचे, विचार करायचे, मग टाकायचे. बाबा नुसते टाकत होते." मग तो म्हणाला, "त्यांना काही कळत नाही गं आता. आपण मान्य करायला हवं. पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो, पुण्याला आणतो त्यांना. घर भाड्यानं देऊ. तू या रविवारी जा, तुझ्या पद्धतीनं बघ आणि मला सांग. त्यांना कळत असेल तर राहू दे तिकडं, मी हट्ट करणार नाही. पण कळत नसेल तर त्या घरात त्यांना ठेवण्यात काय अर्थ आहे?" मी बरं म्हणाले आणि लगेच जीभ चावली, कारण आमच्या घरात तो शब्द आता बाबांचा झाला होता.

आठ महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि भाषा सगळी गेली, एक शब्द सोडून. बरं. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलेल्या माणसाकडे एवढाच शब्द राहिला. जेवता का, बरं. पाय दुखतो का, बरं. दादानं विचारलं, बाबा, पुण्याला येता का माझ्याकडे, तर बरं. त्याच दिवशी संध्याकाळी रंगुबाई आत्यानं विचारलं, भानुदास, आपल्या घरातच राहायचं ना रे, तर तेही बरंच. दादानं सकाळचं बरं धरलं, आत्यानं संध्याकाळचं. दोघंही खोटं बोलत नव्हते. मी मधल्या मध्ये बारामतीत एका डेअरीच्या लॅबमध्ये बसलेली, एमआयडीसीत, आणि मला कुठलंच बरं धरता येत नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे. दूध आलं की मी आधी वास घेते, मग लॅक्टोमीटरची डिग्री लावते, मग फॅट काढते, आणि आकडा जुळला तरी शंका आली तर परत काढते. लग्नाची स्थळंसुद्धा मी इतकी तपासली की शेवटी ती यायचीच थांबली. आत्या म्हणते, तुझ्या हातात माणूस दिला तरी तू त्याची फॅट काढशील. काढली असती.

पण पत्ते मला तपासता येईनात, कारण मला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. दादालाही कळत नव्हतं. आमच्या घरात पत्ता यायला बंदी होती. मी नऊ वर्षांची असताना शाळेच्या वाटेवर मला एक पान सापडलं होतं. त्यावर एक बाई होती, हातात फूल धरलेली, वर एक तशीच आणि खाली उलटी एक तशीच, आणि कोपऱ्यात काळी तीन पाकळ्यांची खूण. मला ती फार आवडली. मी तिला भूगोलाच्या पुस्तकात ठेवली, खूण म्हणून. बाबांनी पुस्तक उघडलं, पान काढलं आणि एक अक्षर न बोलता चुलीत घातलं. मारलं नाही, रागावले नाहीत. फक्त माझं पुस्तक माझ्या हातात परत देताना म्हणाले, "या घरात धम्म आला त्या वर्षी पत्ते गेले." मला तेव्हा वाटलं होतं की धम्म म्हणजे कुणीतरी पाहुणा आहे आणि त्याला ती बाई आवडत नाही. ती किलवरची राणी होती हे मला पंचवीस वर्षांनी, त्या शुक्रवारी, सोपान जाधवांनी सांगितलं.

सोपान जाधव आमच्या डॉकवर दुधाचे कॅन उतरवून घेणारे. पन्नाशीचे, मोटारसायकलवरून येणारे, टोपी घालणारे. जेवणाच्या सुट्टीत कोल्ड स्टोरेजच्या मागे पालथ्या क्रेटवर त्यांचा डाव बसतो हे सगळ्या डेअरीला ठाऊक होतं. मी तिकडे गेले तेव्हा चौघांनी चपळाईनं पत्ते टोपीखाली घातले. "बसा हो," मी म्हणाले, "मला शिकायचंय." बाकीचे तिघं हळूच उठून हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत. सोपान माझ्याकडे बघतच राहिले. "म्याडम, तुमी? पत्तं?" मी म्हणाले, "वडील खेळतात." त्यावर ते एकदम गंभीर झाले, टोपी उचलून डोक्यावर घातली आणि खिशातून काडेपेटी काढली. "मंग शिकाया पायजे," ते म्हणाले आणि काड्या दोघांत वाटून घेतल्या.

तीन पत्ती. नाव ऐकून होते, पण त्यात खरोखर तीनच पत्ते असतात याचंही मला नवल वाटलं. सोपाननी आधी पानं ओळखायला लावली. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. मग कुठलं कुणाहून मोठं. तीन सारखी पानं सगळ्यात मोठी. मग एकाच रंगाची ओळ, सात आठ नऊ अशी. मग वेगवेगळ्या रंगांची ओळ. मग नुसता रंग, मग जोडी, आणि काहीच नसेल तर ज्याचं पान मोठं तो. हे मी वहीत लिहून घेतलं आणि सोपान लाजले. "आता लावायचं," ते म्हणाले. "आदी दोगांनी येक-येक काडी मदी टाकायची. त्याला बूट म्हंत्यात. मंग तीन-तीन पानं, पालथी." मी माझी पानं उचलायला गेले. "बघा की," सोपान म्हणाले, "कोन नगं म्हंतंय? पर बघितलं की डबल." मी हात थांबवला. डबल म्हणजे? "न बघता खेळनारा येक काडी टाकतुय तर बघनाऱ्यानं दोन टाकायच्या. त्यानं दोन टाकल्या तर तुमी चार." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे न बघता खेळता येतं? तसा नियमच आहे?" सोपान हसले. "मंग! बिलाइन म्हंत्यात त्याला. जुना खेळनारा लई येळ बिलाइनच जातुय. सस्त्यात पडतं. आनि समोरच्याला घाम फुटतुय."

मी क्रेटवर तशीच बसून राहिले. डॉकवर कुणीतरी पाइपानं फरशी धूत होतं आणि पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं होतं. दादानं बघितलं होतं ते खरं होतं, आणि त्याचा अर्थ त्यानं सपशेल चुकीचा लावला होता. कसा लावणार नाही? तोही त्याच घरातला. पालथं पान दिसलं की माणूस ते उचलून बघणारच, असं आम्हा दोघांना वाटत होतं, कारण आम्ही कधी पान हातातच घेतलं नव्हतं. गावातल्या कुठल्याही पोरानं ते दृश्य बघून सांगितलं असतं की म्हातारा बिलाइन खेळतोय. मला इतका आनंद झाला की मी लगेच दादाला फोन करायला उठले, आणि उठता उठता परत बसले. कारण काहीच न कळणारा माणूसही पत्ते न उचलता चिंचोके सारेलच की. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते, मग साखर घालून कुणी ती सावरतो, आणि वरून दोन्ही दुधं सारखी दिसतात. दुसरी चाचणी लागते. "सोपानराव," मी विचारलं, "एखाद्याला खेळ कळतच नाही आणि तो नुसता टाकतोय, आणि दुसरा ठरवून बिलाइन खेळतोय. ओळखायचं कसं?" त्यांनी बराच वेळ काडी दातात धरली. "बिलाइनवाला कवातरी पानं उचलतुयाच म्याडम. कवा उचलतुय ते बघा. उचलून काय करतुय ते बघा." मग आम्ही खेळलो. मी प्रत्येक वेळी पानं बघितली, प्रत्येक वेळी दुप्पट भरली आणि सुट्टी संपायच्या आत माझ्या काड्या संपत आल्या. शेवटच्या डावात मी घाबरून पानं टाकली, पॅक म्हणाले, आणि त्यांच्याकडे काय होतं ते बघायला सहज हात पुढे केला. सोपाननी माझ्या हातावर चापट मारायचीच बाकी ठेवली. "ओ म्याडम! बघायचं तर भरायचं, शो मागायचा. तुमी पॅक केलं. आता माजी पानं माजी." मला राग आला. आकडा समोर असताना न बघता उठायचं म्हणजे काय? शनिवारी परत खेळले, आणि त्या दिवशीही त्यांनी शेवटची पानं मला दाखवली नाहीत. दिवसभर फॅट काढताना माझ्या डोक्यात तेच. काय असतील ती पानं?

रविवारी सकाळच्या गाडीनं निघाले. लासुर्णे गेलं, दोन्ही बाजूंना ऊस, आणि खिडकीच्या काचेवर माझंच तोंड. मी बाबांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते, आधीचा. विहारात वंदना झाली की मागे वळून सगळ्यांच्या चपला सरळ लावणारे बाबा. चौथीला मला तेच शिकवायला होते, आणि मी शेजारच्या मुलीच्या पाटीकडे डोकावले की ते वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून नुसते बघायचे. डावी भुवई जराशी वर. बोलायचे नाहीत. त्या बघण्यानं माझी मान आपोआप माझ्या पाटीवर यायची. आता त्यांच्या चेहऱ्याचा उजवा भाग खाली ओघळलेला असतो आणि डावा भाग त्याला सांभाळत असतो. मी जाते, त्यांच्या शेजारी बसते, बारामतीचं काहीबाही सांगते, ते बरं म्हणतात. आठ महिने मी त्या शब्दाचे सूर तपासत होते. हा बरं जरा लांबला का, हा जरा चढा होता का. निमगाव केतकीला गाडीत विड्याच्या पानांच्या करंड्या चढल्या, ओला हिरवा वास सुटला, आणि मला एकदम भीती वाटली. आज मला कळणार होतं. कळत नाही असंच कळलं तर? तोपर्यंत निदान शंका तरी होती माझ्याजवळ. मी पुढच्या थांब्यावर उतरून परत जावं असंही मनात येऊन गेलं.

अंगणात लिंबाच्या सावलीला बाबा खुर्चीत होते, समोर आत्याचा पाट ठेवलेलं स्टूल, आणि स्टुलापलीकडे बाजेवर तात्याबा. तात्याबा आमच्या शेजारच्या वस्तीवरचे, ऊसवाले, बाबांच्याच वयाचे. सकाळी उसाला पाणी सोडून दहाला येतात आणि जेवायला घरी जातात. "आली का बारामती," ते म्हणाले. मी बाजेच्या कोपऱ्यावर बसले आणि पिशवीतून पत्त्यांचा नवा कॅट काढून स्टुलावर ठेवला. तात्याबांचं तोंड उघडंच राहिलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली, बघितलं आणि आत गेली. बाबांनी कॅटकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," ते म्हणाले. मी नेहमीप्रमाणे तो बरं तपासला आणि नेहमीप्रमाणे हाती काही लागलं नाही. "तात्या," मी म्हणाले, "बाबांना कुठून आला हा खेळ? त्यांनी तर माझं पान जाळलं होतं." तात्याबा पानं पिसत होते. "कुटनं म्हंजी? माज्यापाशी शिकला. आमी कालव्याच्या कडंला खेळायचो, ढोरं राखताना. इसेक वर्साचं असू." मग पिसणं थांबलं. "पानं येका गड्डीतली, पर पानी येगळं. मी तांब्यानं प्यायचो, त्यो वंजळीनं. पत्त्याला इटाळ नव्हता बग. मला तवा काय बी वाटलं न्हाय, पोरी. आता वाटतं. रोज वाटतं." बाबा लिंबाकडे बघत होते. त्यांच्या उजव्या हाताखाली एक फडकं होतं आणि स्टुलावर त्यांचा आणि तात्याबांचा चहा, एकाच जोडीतल्या दोन कपांत, अर्धा संपलेला. तात्याबा पुन्हा पिसायला लागले. "मंग ह्येंनी धम्म घेतला. घरातलं देव नदीत सोडलं. त्यात पत्त्याची गड्डी बी सोडली. माजी गड्डी! मला इचारलं न्हाय का काय न्हाय. चाळीस वर्सं झाली, अजून भरून दिली न्हाय." बाबांच्या चेहऱ्याचा डावा भाग हलला. तो हसला का सावलीतला कवडसा सरकला, मला ठरवता येईना.

"मग आता परत कसे खेळायला लागले?" मी विचारलं. "बोलायचं काय सांग की," तात्याबा म्हणाले. "मी यायचो, बसायचो. हितं म्या बोलायचं, तितं त्येनं बरं म्हनायचं. चार म्हयनं काढलं. येक दिस गड्डी आनली. म्हनलं बघू. लई येळ बघत बसला. मंग ह्यो डावा हात पुढं केला. मी चार-आट आनं ठेवलं मदी, तर त्ये हातानं सारून खाली पाडलं. पैसा नगं म्हंजी नगंच. मंग घरनं चिंचोकं आनलं." त्यांनी पत्र्याचा डबा हलवला. "त्येला समदं कळतंय पोरी. तुज्या भावाला सांग." मी मान हलवली. पण दोस्ताची साक्ष दादा कशी मानणार? मीच मानत नव्हते.

तात्याबांनी पानं वाटली. पहिल्या डावात मी बघितली, दुप्पट भरले, हरले. दुसऱ्यातही. बाबा डाव्या हाताच्या दोन बोटांनी एक चिंचोका सारत होते. एक, एक, एक. पानं त्यांच्या निर्जीव उजव्या हाताखाली ठेवलेली असायची, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून, आणि ती ते उचलत नव्हते. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, डोळ्यांकडे बघत होते. सहा डाव झाले, सातवा झाला. दादा असाच बसला असेल इथं, याच बाजेवर. आठव्या डावात मी दमून गेले. पानं समोर पडली, मी ती उचललीच नाहीत आणि एक चिंचोका पुढे टाकला. कशासाठी टाकला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तपासायचा कंटाळा आला होता, हे खरं. तात्याबांनी भुवया उडवल्या. आणि बाबांची मान वळली. सावकाश, माझ्याकडे. त्यांनी माझ्या पालथ्या पानांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाला धरून बाजूला ठेवला. पानांच्या कडा अंगठ्यानं वर केल्या, पानं छातीशी धरली. बघितलं. परत पालथी ठेवली, उजवा हात त्यांच्यावर परत ठेवला, आणि दोन चिंचोके पुढे सारले. दोन! मी न बघता एक टाकला होता, त्यांनी बघून दोन टाकले. चुकून दोन जात नाहीत.

"मी पॅक," तात्याबा म्हणाले आणि बाजेवर मागे सरकून बसले. आता आम्ही दोघंच. मी माझी पानं उचलली. बदामची सत्ती, चौकटची राणी आणि किलवरची राणी. तीच, फूल धरलेली. राण्यांची जोडी, काही वाईट नाही. मी दोन टाकले. बाबांनी क्षणभर विचार केला, खरोखर विचार केला, आणि चार टाकले. आता मला शो मागायचा तर चार भरायला हवे होते. माझ्यासमोर सहा होते. भरायचे, आणि बघायचं. मी आयुष्यभर तेच करत आले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओघळलेला भाग काही सांगत नव्हता आणि शाबूत भागही काही सांगत नव्हता. त्यांच्याकडे रंग असेल. ओळ असेल. बाबा उगाच चार टाकणारे नाहीत. हे मनात आलं आणि मी घाबरले, हरायला घाबरले, चार चिंचोके जातील म्हणून घाबरले, चौतीस वर्षांची बाई. "पॅक," मी म्हणाले आणि राण्या खाली टाकल्या. मग मला भान आलं. काय होतं त्यांच्याकडे? मी हात पुढे केला, त्यांच्या उजव्या हाताखालून पानं ओढायला.

बाबांचा डावा हात आला आणि पानांवर पालथा पडला. घट्ट. माझी बोटं त्या तळहाताखाली अडकली. मी वर बघितलं. डावी भुवई जराशी वर होती. वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून तेच बघणं, आणि माझी मान आपोआप खाली आली. मी हात काढून घेतला. त्यांनी ती तीन पानं उरलेल्या गड्डीखाली सारली, तळव्यानं गड्डी दोनदा फिरवली, म्हणजे कुणालाच सापडू नयेत, आणि मधले चिंचोके एका हातानं आपल्याकडे ओढून घेतले. "बरं," ते म्हणाले. तात्याबा डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसायला लागले आणि हसता हसता मला रडू फुटलं, आणि आत्या बाहेर येऊन विचारायला लागली की झालं काय. मी तिला काय सांगणार होते? ज्याच्या आत कुणी नाही त्याला मी घाबरले असते का? बाबांकडे मोठी पानं होती का काहीच नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला ते न कळणं चाललं.

जेवायच्या आधी मी बाजारातल्या एसटीडीवर गेले. पुण्याचा नंबर तिसऱ्यांदा लागला. दादानंच उचलला. "बोल," तो म्हणाला. मला त्याला बिलाइनचा नियम सांगायचा होता, सोपानराव, कालवा, वंजळ, एकाला दोन आणि दोनाला चार, सगळंच सांगायचं होतं.

"गाडी आणू नकोस," मी म्हणाले. "बाबांना कळतं."

"कशावरून?"

"त्यांनी मला पत्ते दाखवले नाहीत."